‘नव्याने जन्म’ म्हणजे कितवा?

मी चौथ्या पिढीतला ख्रिस्ती, नगर जिल्ह्यातला. रविवारची शाळा, उपासना, नाताळच्या करंज्या यांतच वाढलो. धर्मशिक्षणासाठी पुण्यात खोली घेतली, तेव्हा माझा सोबती वारकरी घरातला होता. एका रात्री त्यानं सहज विचारलं, “तुम्ही नेमकं शिकता काय?” झालं! मी तासभर बोललो. माणसानं नव्यानं जन्मलं पाहिजे, हे तर दोनदा सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे तुमच्यातही जन्माचा फेरा चुकत नाही म्हणायचा.”

मी सुटकेचं सांगत होतो आणि त्याला फेरा ऐकू आला होता. चूक त्याची नव्हती.

ख्रिस्ती शिकवण इतरांना सांगण्याच्या या कामात नव्यानं येणारे मला विचारतात, की अवघड शब्द सोपे कसे करायचे. माझ्या मते अवघड शब्दांची चिंता नको. ‘बाप्तिस्मा’ (ख्रिस्ती होतानाचा पाण्याचा विधी) म्हटलं की ऐकणारा थांबवून विचारतो, म्हणजे काय? फसवतात ते ओळखीचे शब्द: जन्म, पाप, अवतार, भक्ती. तिथं कोणी थांबवत नाही. मान हलत राहते आणि आपल्याला वाटतं, पोचलं.

येशूला भेटायला आलेला यहूदी पुढारी निकदेम तरी काय वेगळं समजला होता? बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, तो येशूलाच विचारतो, म्हातारा माणूस पुन्हा आईच्या उदरात कसा जाईल? मूळ ग्रीकमधल्या ‘अनोथेन’ या शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. हे कळल्यावर मला जरा धीर आला. आता मी ‘वरून मिळालेलं जगणं, ह्याच जन्मात’ असं सांगतो. वाक्य ओबडधोबड आहे, पण फेरा तरी मध्ये येत नाही.

‘पाप’ हा शब्द मी एकदा एका मावशींच्या ओसरीवर, त्यांचाच चहा पीत वापरला. आपण सगळे पापी आहोत, म्हणालो. त्या ताडकन म्हणाल्या, “आम्ही कुणाचं काय वाईट केलंय?” त्यांचं बरोबर होतं. पाप-पुण्याच्या हिशेबात त्यांची पुण्याची बाजू माझ्यापेक्षा भारीच असणार. तेव्हापासून मी तो शब्द आधी काढत नाही. बापाकडून वाटणी घेऊन गेलेल्या धाकट्या मुलाची, येशूनं सांगितलेली गोष्ट सांगतो. वाटणीवरून तुटलेली घरं कुणी पाहिली नाहीत?

येशूला ‘देवाचा कोकरा’ म्हटलं, की जत्रेतलं नवसाचं बोकड आठवतं. तिथं माणूस देवाला देतो, इथं देवच देतो. ही उलटी दिशा, आणि इस्राएल लोक मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटले त्या रात्रीची, कोकराच्या रक्तानं वाचल्याची गोष्ट, आधी सांगितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

हा खटाटोप आपल्याआधी मोठ्यांनी केलाय. फादर स्टीफन्स इंग्रज, 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी येशूची कथा सांगणारं ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत लिहिलं. ते 1616 मध्ये छापलं गेलं. (त्या काळी गोव्यात नव्या ख्रिस्ती लोकांच्या हातून जुनी पुराणं काढून घेतली होती, हेही विसरू नये.) नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली. आमच्या उपासनेत आजही त्यांची पदं गातात. मला मात्र त्या खोलीत एकही अभंग आठवला नव्हता!

आता मी “कळलं का?” असं विचारत नाही, त्यावर सगळे ‘हो’च म्हणतात. “तुमच्याकडं याला काय म्हणतात?” असं विचारतो. मग समोरचा बोलतो आणि मला गप्प बसावं लागतं.

गेल्या दिवाळीनंतर कोकणाकडं निघालेल्या एका धनगराशी रस्त्याकडेला बोलत होतो. शंभर मेंढरांतलं एक हरवतं आणि मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्याच्यामागं जातो, ही बायबलमधली गोष्ट सांगितली. इथं तरी माझा हातखंडा, असं वाटत होतं. त्यानं तंबाखू मळत विचारलं, “नव्व्याण्णव कुणाच्या हवाली केली?”

पुस्तकात तेवढंच आहे, म्हणालो. तुम्ही काय केलं असतं?

“गेलो असतो की. कारभारीण असती ना मागं, अन् कुत्री.” मग थोडं थांबून, “पर येकटा असता, तर इचार केला असता.”