मृतांसाठी पूर्ण दंडमाफी: १ ते ८ नोव्हेंबरला काय करायचं?

फुलं वाहून, मेणबत्ती लावून बरेच जण कबरीवरून परततात. कॅथोलिक शिकवणीप्रमाणे त्याच फेरीत मृतांच्या आत्म्यासाठी पूर्ण दंडमाफी मागता येते, हे मात्र राहून जातं.

दंडमाफीने पापाची क्षमा होत नाही. ती पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापं कबूल करून, होते. क्षमा झाल्यावरही पापाचा जो तात्पुरता दंड उरतो, आणि जो मृतांना शुद्धिस्थानात भोगावा लागतो, त्याची ही माफी. म्हणून सुरुवात पापनिवेदनापासून करावी. ते साधारण वीस दिवस आधी किंवा नंतर केलं तरी चालतं आणि एकच पापनिवेदन आठही दिवसांना पुरतं. पण मनावर गंभीर पाप असेल तर ते आधीच हवं, कारण त्याशिवाय ख्रिस्तप्रसाद (मिसामधली पवित्र भाकर) घेता येत नाही.

मग या आठ दिवसांत दफनभूमीत जावं आणि मृतांसाठी प्रार्थना करावी. मनातल्या मनात केली तरी चालते. दफनभूमी कोणतीही असू शकते, आपल्याच माणसाची कबर तिथे असायला हवी असं नाही. ख्रिस्तप्रसाद आणि पोपच्या उद्देशांसाठी प्रार्थना मात्र प्रत्येक दंडमाफीसाठी वेगळी लागते, शक्यतो त्याच दिवशी. पोपच्या उद्देशांसाठी एकदा प्रभूची प्रार्थना आणि एकदा ‘नमो मारिया’ पुरे. इथेच बहुतेकांचं चुकतं: आठ दिवस दफनभूमीत जातात, पण ख्रिस्तप्रसाद फक्त रविवारी घेतात.

दफनभूमी लांब असेल तर २ नोव्हेंबरला चर्चमध्ये जाऊन प्रभूची प्रार्थना आणि विश्वासांगीकार (श्रद्धेची कबुली देणारी प्रार्थना) म्हणावा. ही मुदत १ तारखेच्या दुपारी बारापासून सुरू होते. दोन्ही केलं तरी एका दिवसात पूर्ण दंडमाफी एकदाच मिळते.

सगळ्यात अवघड अट मनाची आहे: कोणत्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही, ओढ नको. पुन्हा कधी चुकणार नाही अशी हमी इथे मागितलेली नाही. पण बांधावरून भावाशी धरलेला अबोला ‘हा तेवढा राहू दे’ म्हणून जपून ठेवला असेल, तर अट मोडली. मग दंडमाफी पूर्ण न राहता अंशतः होते. दफनभूमीत जाण्याआधी भावाच्या दारात जावं, हा आमचा आग्रह आहे.

आठ दिवस झाले की ‘मी आठ आत्मे सोडवले’ असा हिशेब मांडू नये. ख्रिस्तसभा मृतांसाठी दंडमाफी विनंती म्हणून देवापुढे ठेवते. तिचा आधार आहे ख्रिस्ताचं पुण्य, आणि त्याच्याशी जोडलेलं संतांचं. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या परिच्छेद २००७ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की काटेकोर अर्थाने देवावर माणसाच्या पुण्याचा हक्क नाही. आपली प्रार्थना, उपास, दानधर्म यांना मोल आहेच. ट्रेंट इथल्या ख्रिस्तसभेच्या परिषदेने १५४७ मध्ये ते ठामपणे मांडलं, पण माणसाला देवाकडे वळवणारी पहिली कृपा कुणालाही कमावता येत नाही हेही त्याच शिकवणीत आहे. संत ऑगस्टीन म्हणतात तसं, आपल्या पुण्याला मुकुट घालताना देव स्वतःच्याच दानांना मुकुट घालतो.

दंडमाफीसाठी पैसे द्यायचे नसतात. पैशांशी जोडलेल्या दंडमाफ्या पोप पायस पाचवे यांनी १५६७ मध्येच रद्द केल्या. आणि ही दंडमाफी दुसऱ्या जिवंत माणसाला देता येत नाही. आजारी आईसाठी प्रार्थना जरूर करावी, तिची दंडमाफी मात्र तिनेच मागायची. तिला चालवत नसेल तर धर्मगुरूंना घरी बोलवावं. तिला झेपेल असं दुसरं कृत्य ते नेमून देऊ शकतात.