परसातली फुलबाग : वसंत हातचा जाऊ नये म्हणून या चुका टाळा

विदर्भात वसंत फार थोडा असतो. फाल्गुनात पळस फुलतो आणि चैत्र सरायच्या आत पारा चाळिशी ओलांडतो. तेवढ्या दिवसांत मोगरा, जास्वंद, गुलाब भरून आले, तर परडी घेऊन निघालेल्या आजीपासून गजऱ्यासाठी हटून बसलेल्या नातीपर्यंत सगळं घर सकाळी बागेत असतं. हा आनंद हुकतो तो बहुतेक वेळा पाण्यापायी.

दुपारी दोनला जास्वंद मान टाकते आणि कुणीतरी लगेच बादली ओततं. तसं करू नका. भर उन्हात मुळं ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडून जातं, म्हणून ती लोंबतात. संध्याकाळी सावरली, तर पाण्याची गरज नव्हती. काळी माती वरून भेगाळली तरी खाली ओल धरून असते. दोन इंच खोल बोट घाला. माती बोटाला चिकटली तर त्या दिवशी पाणी नको. सतत ओल राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. आणि मुळं कुजलेलं झाड तहानलेल्या झाडासारखंच दिसतं, म्हणून त्याला आणखी पाणी घातलं जातं. बागा जातात त्या अशाच.

पाणी सकाळी आठच्या आत द्या, खोडापासून वीतभर लांब आळं करून. आळ्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, दोन इंच पसरा, पण खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. कुटार खोडाला टेकलं की साल कुजते, वाळवीही चढते. एक दिवस भरपूर आणि मग चार दिवस कोरडं, असं झालं की जास्वंदाच्या कळ्या न उमलताच गळतात.

धुण्याच्या सोड्याचं पाणी बागेत सोडू नका. आपली माती आधीच चुनखडीची, त्यात क्षार वाढले की झाडाला लोह मिळत नाही. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या, तर लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून ऊन उतरल्यावर फवारा.

मोगरा नुसता पानांनी माजला असेल, तर युरिया थांबवा. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणी जानेवारीअखेर व्हायला हवी. ती राहून गेली असेल, तर आता मोठी छाटणी नको. शेंडे तेवढे दोन-तीन इंच खुडा. झाडामागे दोन किलो शेणखत द्या, पण वर्षभर कुजलेलंच. कच्च्या शेणात हुमणी ही अळी असते आणि ती मुळं खाते. रोज पाच-सहा तास ऊन नसेल, तर यातलं काहीच कामी येणार नाही.

कलमी गुलाबाला सांध्याखालून जोमदार फुटवा आला की लोक खूश होतात. तो जंगली असतो, बुडातून काढा. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खाली जाळी दिसली, तर तो लाल कोळी. दोन-तीन दिवसांआड सकाळी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारा.

जास्वंदाच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसतं ते पिठ्या ढेकूण. तो शेंडा कापून जाळा. मग लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा. खोडावर मुंग्यांची रांग असेल, तर त्यांचाही बंदोबस्त करा, कारण ढेकणांना जपतात आणि झाडभर पसरवतात त्या मुंग्याच.