दावीदाच्या राजासनाचं अभिवचन वाचताना या चुका टाळा

मागच्या नाताळाआधी खानापूरकडं एका घरी कॉटेज प्रेयर, म्हंजे घरगुती प्रार्थनासभा होती. मी बायबलातला २ शमुवेल ७ घेतला होता, देव दावीद राजाला म्हणतो तुझं राजासन कायम टिकेल हा भाग, आणि चांगला रंगात येऊन बोलत होतो, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका मावशींनी मांडीवरचं कन्नड बायबल मिटलं आणि विचारलं, "देवानं कायमचं म्हटलं, मग बाबेलवाल्यांनी दावीदाच्या वंशातल्या शेवटच्या सिद्कीया राजाचे डोळे काढून बेड्या घालून नेलं ते कसं ओ?" मी म्हटलं, मावशी ते येशूबद्दल आहे, आणि पुढं सरकलो. उत्तर खोटं नव्हतं पण अर्धं होतं, आणि घरी येताना ते टोचत राहिलं. तेव्हापासून हा अध्याय परत परत वाचतोय, त्यात मी केलेल्या आणि इतरांच्याही दिसलेल्या चुका लिहितोय.

पहिली चूक "घर" या शब्दाची. दावीद नाथान संदेष्ट्याला सांगतो, मी गंधसरूच्या घरात राहतोय आणि देवाचा कोश (कराराची पवित्र पेटी) कनाती आड आहे, मला देवासाठी घर बांधायचंय. देव म्हणतो तू नको, मीच तुझं घर बांधतो. इब्रीत मंदिर, राहतं घर आणि वंश तिन्हीला एकच शब्द, बायित. आपल्या भागात हे समजायला सोपं आहे बघा, मराठीत घर आणि घराणं, कन्नडमधी मने आणि मनेतन. दावीद मने बांधायला निघाला आणि देवानं त्याला मनेतन दिलं. हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं दगडविटांचं वाटत राहतं.

दुसरी, सगळी वचनं एकदम येशूला लावायची. १४ व्या वचनात म्हटलंय की त्यानं अधर्म केला तर त्याला शिक्षा करीन. हे येशूला कसं लावणार? ते दावीदाचा मुलगा शलमोन आणि त्याच्यामागून आलेल्या राजांना आहे. लगेच पुढं देव म्हणतो, आधीच्या शौल राजावरची दया काढली तशी याच्यावरची काढणार नाही. म्हंजे मुलगा बिघडला तर छडी बसेल पण घराण्याचं नाव खोडलं जाणार नाही. १ राजे २:४ मधली "तुझे मुलगे नीट चालले तर" ही अट वाचून काही जण म्हणतात देवाचा दावीदाशी झालेला हा करारच मोडला, पण अट गादीवर बसणाऱ्या एकेका राजाला आहे असं मला वाटतं, शब्द मात्र देवानं स्वतःवर घेतलाय.

तिसरी चूक सगळ्यात मोठी आणि ती मी वर्षानुवर्षं केली. स्तोत्र ८९ नाताळात ३७ व्या वचनापर्यंत वाचायचं आणि थांबायचं. ३८ पासून सूरच बदलतो, तूच टाकून दिलंस, मुकुट धुळीत गेला, तट पडले. इ.स.पू. ५८६ च्या सुमाराला यरुशलेम जळालं त्यानंतर दावीदाच्या घराण्यातला कुणी राजा त्या गादीवर बसला नाही, हा इतिहास झाकून ठेवून अभिवचन शिकवता येत नाही. स्तोत्रकर्ता तर देवालाच विचारतो की दावीदाला शपथ घालून सांगितलेली ती जुनी दया कुठं गेली. मावशींचा प्रश्न अगदी हाच होता, आणि तो पवित्र शास्त्रातच छापलेला आहे.

मग धागा कुठं सापडतो? यिर्मया २२ मधी देव दावीदाच्याच घराण्यातल्या यकन्या राजाला म्हणतो, तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी उपटून फेकली असती. आणि हाग्गय २:२३ ला त्याचाच नातू जरुब्बाबेल, त्याला म्हणतो तुला मुद्रेच्या अंगठीसारखं करीन. राजा नाही झाला तो, नुसता सुभेदार होता, पण फेकलेली अंगठी देवानं परत उचलली हे दिसतं. त्याचं नाव मत्तयानं दिलेल्या येशूच्या वंशावळीत आहे.

चौथी, "मरीयेचा नवरा योसेफ येशूचा सख्खा बाप नव्हता, मग येशू दावीदाचा वारस कसा" या प्रश्नाला गडबडून जायचं. कित्तूरच्या लोकांना हे समजवायला लागत नाही. १८२४ मधी राणी चन्नम्मा लढली ती दत्तक वारस इंग्रजांनी मानला नाही म्हणून, म्हंजे घराण्यानं स्वीकारलेला मुलगा हा वारसच, यासाठी आपल्या मातीत रक्त सांडलंय. मत्तय १ मधी दूत योसेफाला "दावीदाच्या पुत्रा" अशी हाक मारतो आणि बाळाचं नाव तू ठेव म्हणतो, आणि शेवटच्या वचनात योसेफ नाव ठेवतो. नाव ठेवणं म्हंजे हा माझा म्हणून घेणं.

अजून एक, घरभरणीच्या पत्रिकेवर २ शमुवेल ७:१६ छापतात. ते दावीदाला दिलेलं आहे, आपल्या बंगल्याला नाही. स्तोत्र १२७:१ छापा, देव घर बांधत नसेल तर बांधणाऱ्यांचे कष्ट व्यर्थ, ते तिथं बरोबर बसतं.

आणि येशूचं हे राज्य आत्ता स्वर्गातून चाललंय की तो परत येऊन यरुशलेमात हजार वर्षं करणार, यावर मंडळ्यांमधी मतं वेगळी आहेत. कॉटेज मीटिंगमधी त्यावर भांडत बसू नका. प्रेषितांची कृत्ये २ मधी पेत्र दावीदाच्या राजासनाचं वचन येशूच्या पुनरुत्थानाला जोडतो, तिथून सुरू करा.

जानेवारीत मी त्या मावशींकडं परत गेलो. त्यांनी कन्नडमधी आणि मी मराठीत, दोघांनी मिळून स्तोत्र ८९ पूर्ण वाचलं. ४९ व्या वचनाला त्या थांबल्या, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग स्वतःच लूक १ काढलं आणि गब्रीएल दूत मरीयेला तिच्या होणाऱ्या बाळाबद्दल म्हणतो ते, देव दावीदाचं राजासन त्याला देईल आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही, हे बोट ठेवून सावकाश वाचलं.