इतिहासाच्या सिलॅबसचा रिव्ह्यू करताय? या चुका टाळा

नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) टीम येणार म्हटलं की आमच्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या कॉलेजांत इतिहास विभागाला एकदम अभ्यासक्रमाची आठवण येते. मग मला फोन, "सर, रिव्ह्यूचं टेम्प्लेट आहे का, आजच पाठवा ना." टेम्प्लेट मी कोणाला देत नाही. एकदा दिलं की तेच सगळीकडे फिरतं, फक्त कॉलेजचं नाव बदलतं.

सगळ्यात वैताग आणणारी चूक म्हणजे सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे पेपरचे आउटकम (पोरांना काय यायला हवं ते) आणि पदवीचे आउटकम यांचा मेळ दाखवणारा तक्ता, एका रात्रीत भरणं. मागे एका कॉलेजच्या अकॅडमिक ऑडिटला गेलो होतो, नाव नको. फाईल एकदम चकाचक, स्पायरल बाइंडिंग वगैरे. मराठ्यांच्या इतिहासाचा पेपर उघडला तर आउटकममध्ये लिहिलेलं, 'विद्यार्थी प्रयोगशाळेतील उपकरणे सुरक्षितपणे हाताळेल'. शेजारच्या विभागाची एक्सेल शीट उचलून वरचं नाव तेवढं बदललेलं. बरं पुढे सगळ्या रकान्यांत ३-३-३, म्हणजे सगळीकडे सर्वात जास्त मेळ. मी म्हटलं, अहो याला पण तीन? तर तिथले तरुण सर शांतपणे म्हणाले, "तीन टाकले की अटेनमेंट चांगलं येतं सर." अटेनमेंट म्हणजे आउटकम किती साध्य झाला त्याचा आकडा, आणि तो खरंच चांगला आला होता! कारण फॉर्म्युला नुसत्या पासच्या टक्केवारीवर लावलेला, म्हणजे इतिहासाची पोरं कागदोपत्री उपकरणं हाताळण्यातही पास. काम बहुतेक वेळा नव्या सीएचबीवाल्यावर (तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकावर) ढकललेलं असतं हे मान्य, पण वाचायला तर पाच मिनिटं लागतात ना.

मी एक्सेल सगळ्यात शेवटी उघडतो. आधी साध्या वहीत डावीकडे आउटकम, उजवीकडे ते कुठल्या प्रश्नातून किंवा असाइनमेंटमधून दिसणार ते. उजवी बाजू रिकामी राहिली तर आउटकम खोडायचा. 'समजून घेईल' हा शब्द तर मी दिसला की खोडतो, समजलं हे दिसणार कशात? त्यापेक्षा १८८० च्या खानदेश गॅझेटियरमधला भिल्लांवरचा एखादा उतारा द्या, १८२५ मध्ये औट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण उभी केली ते सांगा आणि विचारा, हे कोण लिहितंय, कोणासाठी, आणि भिल्लांची बाजू कुठून शोधशील. पोराला काय येतं ते एका पानात कळतं.

दुसरी चूक, स्थानिक इतिहास जेवणानंतरच्या बडीशेपेसारखा शेवटच्या युनिटमध्ये ठेवणं. खानदेशचे फारुकी सुलतान, भिल्ल पुढारी खाजा नाईक, फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन, १९४२ चा हुतात्मा शिरीषकुमार सगळे एकाच युनिटमध्ये कोंबायचे, तोपर्यंत परीक्षा डोक्यावर येते आणि पोरं ते ऑप्शनला टाकतात. पटत नसेल तर मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका टेबलावर पसरा आणि प्रत्येक प्रश्नापुढे युनिट नंबर लिहा. जे युनिट सोडून पूर्ण मार्क मिळतात ते वर्गात कोणी शिकवत नाही, रिव्ह्यू रिपोर्टमध्ये काहीही लिहिलेलं असो.

त्यावर ठरलेलं उत्तर, "सिलॅबस विद्यापीठाचा, आपल्या हातात काय?" अहो उदाहरणं तर तुमच्या हातात आहेत! अकबर शिकवताना १६०१ चा असीरगड घ्या, फारुकी राज्य तिथेच संपलं आणि गड रावेरच्या पलीकडेच आहे. १८५७ चा उठाव शिकवताना खाजा नाईक आणि अंबापाणीची लढाई घ्या. काँग्रेस शिकवताना १९३६ चं फैजपूर, खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. १९४२ शिकवताना नंदुरबारचा शिरीषकुमार. प्रोजेक्टसाठी पोरांना धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात न्या, खरी जुनी कागदपत्रं एकदा डोळ्यांनी बघू द्या. आणि सिलॅबसच बदलायचा असेल तर विद्यापीठात सिलॅबस ठरवणाऱ्या अभ्यास मंडळाला लेखी कळवा, चहा पिताना बोलून काही होत नाही.

बाकीच्या किरकोळ चुका. फीडबॅक फॉर्म सगळे एकाच अक्षरात आणि एकाच निळ्या पेनाने, निदान पेन तरी बदला. चॅटजीपीटीकडून आउटकम लिहून घेणं, लगेच ओळखू येतं. नवीन शैक्षणिक धोरण आलं म्हणून जुन्याच पेपरला क्रेडिट चिकटवून 'रिव्हाइज्ड' म्हणणं. माजी विद्यार्थी म्हणून दरवेळी तेच दोन प्राध्यापक बोलावणं, स्पर्धा परीक्षेवाला किंवा झेडपी शाळेतला कोणी नाहीच. पदवीच्या तीन वर्षांच्या पेपरांचा सिलॅबस शेजारी ठेवून न बघणं, मग तोच टॉपिक दोनदा येतो आणि इतिहासाच्या साधनांचा अभ्यास एकदाही नाही.

आणि संदर्भग्रंथांची यादी छापायच्या आधी ग्रंथपालांना दाखवा. अर्धी पुस्तकं लायब्ररीत नसतात.