गादीवर शू, सोफ्याला नखं, पहाटे चारला बोंब: मांजर पाळताय तर या चुका टाळा

आमच्या बोक्याने पहिल्यांदा गादीवर शू केली तेव्हा मी त्याला मानेला धरून त्या डागापाशी नेलं, नाक खाली दाबलं आणि वर दोन धपाटे घातले, कारण लहानपणी गावाला मांजराला असंच वळण लावताना बघितलं होतं. पुढचा आठवडाभर शू कपाटामागे. म्हणजे बोका शिकला, पण "गादीवर करू नये" असं नाही, "ही बघत असताना करू नये" असं शिकला. ओरडणं, धपाटा, तोंडावर पाण्याचा फवारा, सगळ्याचं तेच होतं, शिक्षेचा संबंध मांजर शू-शी लावत नाही, तुमच्याशी लावतं.

दुसरी चूक म्हणजे "मुद्दाम करतोय, राग काढतोय". आम्ही चार दिवस बाहेर होतो म्हणून सूड घेतला असं घरात सगळ्यांचं ठरलंच होतं. खरं कारण नंतर सापडलं ते असं, की बोक्याचं शू करायचं रेतीचं घमेलं मी बाल्कनीत वॉशिंग मशीनला खेटून ठेवलं होतं, आणि मशीन स्पिनला लागलं की घमेलं अख्खं थरथरायचं. एकदा तो रेती उकरून नुकता बसला होता आणि स्पिन सुरू झालं, तो जो उडाला ना, तो थेट बेडरूममध्ये. घमेलं हॉलच्या कोपऱ्यात आणलं, सासूबाई म्हणाल्या पाहुणे आल्यावर काय सांगायचं, पण तीन-चार दिवसांत प्रकार बंद झाला. (पाहुण्यांना काहीही सांगितलं नाही, ते स्वतःच लांब बसतात.)

पण जागा बदलण्याच्याही आधी एक काम आहे आणि इथे कृपया चालढकल करू नका. व्यवस्थित लिटर बॉक्स (म्हणजे हेच रेतीचं घमेलं) वापरणारं मांजर अचानक बाहेर करायला लागलं तर आधी डॉक्टर. त्यातून बोका असेल, सारखा जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, तिथे चाटतोय आणि येतायत फक्त थेंब किंवा काहीच नाही, तर लघवीचा मार्ग तुंबलेला असू शकतो. लोकांना वाटतं पोट साफ होत नाहीये, उद्या बघू. तो उद्या नसतोच बऱ्याचदा, मार्ग पूर्ण बंद झाला तर एक-दोन दिवसात बोका जातो. रात्र असली तरी निघा.

तब्येत ठीक निघाली तर मग बॉक्सकडे बघा. मांजरं जितकी त्याच्यापेक्षा एक बॉक्स जास्त, आणि दोन्ही शेजारी शेजारी नकोत, कारण मग मांजराच्या लेखी ती एकच जागा. बॉक्स मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी हवा. दुकानात मिळणारे छोटे ट्रे पिल्लापुरते ठीक आहेत, मोठ्या बोक्याचं अर्धं अंग बाहेर राहतं आणि मग आपण म्हणतो, बघा कडेला करतो. लिटरमधली, म्हणजे त्या रेतीतली, घाण रोज काढा, दोनदा जमलं तर फारच छान. लव्हेंडरच्या वासाचं लिटर आपण आपल्या नाकासाठी आणतो, बहुतेक मांजरांना साधं बिनवासाचं बारीक लिटरच आवडतं.

आणि फिनाईल! आपल्याकडे शू दिसली की हात आपोआप फिनाईलच्या बाटलीकडे जातो. बऱ्याच फिनाईलमध्ये जी फिनॉल जातीची द्रव्यं असतात ती मांजराच्या लिव्हरला नीट पचवता येत नाहीत, मांजर ओल्या फरशीवरून चालतं, मग बसून पंजे चाटतं, की ते पोटात गेलंच. अमोनियावालं क्लीनर तर अजून उलटं काम करतं, त्याचा वास शू-सारखाच, म्हणजे जणू "इथेच कर" अशी पाटी लावली. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, नुसतं वरवर पुसून आपल्याला वास गेला असं वाटतं, त्याला येत असतो.

भिंतीवर, पडद्यावर, दाराच्या चौकटीवर, शेपटी ताठ उभी करून थरथरवत उभ्या उभ्या पिचकारी मारत असेल तर ती गोष्ट वेगळी, ती हद्दीची खूण. त्याला बॉक्स बदलून काही होत नाही. पाच-सहा महिन्यांचा झाला की नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, बहुतेक बोक्यांचं त्याने थांबतं किंवा खूपच कमी होतं. मनी असेल तर "एकदा तरी पिल्लं होऊ द्या" म्हणणारी एक काकू प्रत्येक सोसायटीत असते, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, माजावर आलेली मनी लोळून लोळून रात्रभर ओरडते, आणि पिल्लं राहिली नाहीत तर दोन-तीन आठवड्यांनी परत तेच.

सोफा ओरबाडणं. बंद होणार नाही. नखांची वरची जुनी टरफलं काढायला, अंग ताणायला आणि पंजाचा वास सोडायला मांजर हे करतंच, आपल्या हातात फक्त जागा ठरवणं. चूक अशी होते की आपण हौसेने स्क्रॅचिंग पोस्ट आणतो ती वीतभर उंच आणि डुगडुगणारी, आणि ठेवतो कुठे तर दिसायला बरं नाही म्हणून दाराआड. मांजराला दोन पायांवर उभं राहून पूर्ण ताणता आलं पाहिजे आणि ते हललं नाही पाहिजे. मी जुन्या स्टुलाच्या पायाला सुतळी घट्ट गुंडाळली, स्टूल सोफ्याच्या त्याच कोपऱ्याला लावलं, वर एक जड कुंडी ठेवली. सोफा सुटला. पायपुसणं मात्र गेलं, ते त्याला जास्त आवडलं.

पिल्लू असताना हाताच्या बोटांशी खेळवू नका, दोन महिन्यांचं चावतं तेव्हा गंमत वाटते, तेच साडेचार किलोचं झाल्यावर मनगटावर लटकतं. दोरीची काठी घ्या, खेळ झाला की दोरी उचलून ठेवा, गिळली तर आतड्यात अडकते. कुरवाळताना शेपटीचं टोक फटकारायला लागलं, कान बाजूला वळले, पाठीची कातडी थरथरली की हात काढा. "अचानक चावला" म्हणणाऱ्यांना हे सगळं आधी दाखवून झालेलं असतं.

राहिली पहाटेची बोंब. मांजर पहाटे आणि तिन्हीसांजेला सगळ्यात जास्त जागं, त्याला इलाज नाही, पण झोपायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं दमवून खेळवा आणि मग जेवण द्या, बराच फरक पडतो. ओरडल्यावर उठून खायला घालायचं नाही. पहिले काही दिवस आवाज वाढतो, आणि पाचव्या दिवशी वैतागून उठलात तर पाच दिवस ओरडलं की मिळतं एवढंच तो लक्षात ठेवतो. म्हातारं मांजर नव्याने रात्री ओरडायला लागलं तर मात्र थायरॉईड, बीपी तपासून घ्या. आमच्याकडे मी आणि नवऱ्याने दोन आठवडे कानावर उशी दाबून काढले, बोक्याने आमचं दार सोडलं, आता तो साडेचारला सासूबाईंच्या दाराशी बसतो. त्या म्हणतात मी काही देत नाही, पण फ्रीजमधले बोंबील कमी होतायत.