करवत सुरू करण्याआधी

पाइनच्या जंगलात विरळणी ठरली की सगळ्यांची चर्चा कोणती झाडं पाडायची यावर. माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: पाडलेल्याचं काय करणार? उत्तर तयार नसेल तर करवत गाडीतच राहू द्या.

आधी कॅलेंडर बघा. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या पाँडेरोसा पाइनमध्ये जानेवारी ते जुलैत तोडलेला ओला माल म्हणजे इप्स भुंगेऱ्यांना, म्हणजे सालीखाली बोगदे पोखरणाऱ्या बारीक किड्यांना, आयतं पाळणाघर. नवी पिढी त्यातून निघते ती थेट शेजारच्या उभ्या झाडांवर. ऑगस्ट ते डिसेंबरातली तोड त्यामानाने बिनधोक. मोजपट्टी खिशात हवीच, कारण बोटाएवढ्या काटक्या पटकन वाळतात, भुंगेरे पोसतात ते सात-आठ सेंटिमीटरच्या वरचे तुकडे. ते उचलून नेणार, आखूड कापून उन्हात पसरणार की यंत्राने त्यांच्या चिप्स, म्हणजे बारीक ढलप्या, करणार, हे आधीच ठरवा. चिप्सची फार घाई नको. भुंगेऱ्यांची पैदास थांबते खरी, पण ताज्या राळेचा वास त्यांना लांबून ओढून आणतो, वसंतात तर जास्तच. निदान उभ्या खोडांच्या बुंध्याशी तरी ढीग लावू नका.

एक धारदार सुरी घ्या. राखायच्या झाडांवर लाह्यांसारखे राळेचे गोळे दिसतात का बघा, सालीच्या फटीत तांबूस भुस्सा आहे का तेही. संशयित साल तळहाताएवढी उचकटा. इप्सचे बोगदे आतून झाडून काढल्यासारखे स्वच्छ असतात, डेंड्रोक्टोनस या साल पोखरणाऱ्या दुसऱ्या भुंगेऱ्यांचे भुश्शाने ठासून भरलेले.

किती झाडं ठेवायची? माउंटन पाइन भुंगेऱ्याचा (हा डेंड्रोक्टोनसपैकीच) धोका हेक्टरी साधारण २८ चौरस मीटर खोडछेद क्षेत्रफळाच्या, म्हणजे छातीच्या उंचीवरच्या सगळ्या खोडांच्या आडव्या छेदांच्या बेरजेच्या, वर चढतो, म्हणून ते १८च्या आसपास आणतात. उरलेल्यांना पाणी मिळतं, राळ जोमाने वाहते, शिवाय वारा खेळला की भुंगेऱ्यांच्या बोलावण्याचा गंध विरतो. मात्र साथ सगळीकडे पसरल्यावर केलेल्या विरळणीवर फार भिस्त ठेवू नका.

नंतर नियंत्रित जाळ लावायचा असेल तर म्हाताऱ्या झाडांच्या बुंध्याभोवती साचलेला पाइनच्या सुईसारख्या पानांचा थर आधी ओढून घ्या. होरपळलेल्या झाडांकडे भुंगेरे वळतात, म्हणून पुढच्या दोन उन्हाळ्यांतल्या पाहणीच्या फेऱ्यांच्या तारखा आजच वहीत लिहा, आणि त्या कोण मारणार त्याचं नावही.