नॅनोक्लोरोप्सिसमधून ईपीए: नत्र सांभाळा, मोजणी नीट करा

सूक्ष्मशैवालाला उपाशी ठेवलं की तेल वाढतं, हे खरं. पण नॅनोक्लोरोप्सिस या सूक्ष्मशैवालातून ईपीए (एक ओमेगा-३ मेदाम्ल) हवं असेल तर हाच उपाय अंगाशी येतो. नत्र संपलं की पेशी साठवणीचं तेल करते, ते बहुतांश पाल्मिटिक आणि पाल्मिटोलेइक आम्लांचं. ईपीए मुख्यतः हरितलवकाच्या पटलांत असतं, आणि उपासमारीत पटलंच घटतात.

एफ/२ या शैवाल वाढवण्याच्या माध्यमात लिटरमागे ७५ मिलिग्रॅम सोडियम नायट्रेट असतं. त्यातलं नत्र जेमतेम १२ मिलिग्रॅम, म्हणजे कोरडा जैवभार लिटरला ०.२ ग्रॅम होईतोच संपणारं. १ ग्रॅम गाठायचा तर नायट्रेट आणि फॉस्फेट सहापट घ्या. जीवनसत्त्वं माध्यम ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक) केल्यानंतर, निर्जंतुक गाळून घाला. सिलिकेट लागत नाही. तापमान २० ते २५ अंश ठेवा, पीएच कार्बन डायऑक्साइड सोडून ८ च्या आसपास.

सेंट्रिफ्यूज केलेला गोळा ०.५ मोलर अमोनियम बायकार्बोनेटने धुवा. समुद्राचं मीठ राहिलं तर वजन फुगतं आणि ईपीएचा टक्का खोटा कमी येतो. बायकार्बोनेट मात्र फ्रीझ-ड्रायिंगमध्ये उडून जातं. धुतल्याबरोबर उणे ८० अंशांवर ठेवा. ओला गोळा बाकावर राहिला तर लायपेज ही विकरं तेल तोडायला लागतात.

विश्लेषणासाठी आधी तेल काढायची गरज नाही. या पेशींची भिंत चिवट असते, म्हणून पुडीतच मेदाम्लांची थेट मिथाइल एस्टर (जीसीवर, म्हणजे वायू क्रोमॅटोग्राफवर, मोजता येणारी रूपं) करणंच आम्हांला भरवशाचं वाटतं. शिवाय नुसत्या वजनाने मोजलेल्या ‘एकूण तेला’त हरितद्रव्यही धरलं जातं.

टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या काचेच्या कुपीत १० मिलिग्रॅम कोरडी पूड घ्या. १३ कार्बनी आम्लाचं मिथाइल एस्टर २०० मायक्रोग्रॅम (हा तुलनेचा प्रमाणक), क्लोरोफॉर्म-मिथेनॉल (२:१) ०.२ मिलिलिटर आणि ०.६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिथेनॉल ०.३ मिलिलिटर घाला. ८५ अंशांवर तासभर ठेवा. थंड झाल्यावर १ मिलिलिटर हेक्सेन घालून हलवा, तासभर थांबून वरचा थर जीसीला द्या. हे सारं फ्यूम हूडमध्येच.

पूड दमट असली तर पाणी अभिक्रिया अर्धवट सोडतं. झाकण सैल असलं तर मिथेनॉल उडतं. म्हणून तापवण्यापूर्वी आणि नंतर कुपीचं वजन करा, घटलं असेल तर नमुना टाकून द्या. प्लास्टिकची टिप क्लोरोफॉर्ममध्ये बुडवली की प्लास्टिकमधल्या थॅलेटची शिखरं जीसीच्या आलेखावर येतात. प्रत्येक खेपेला शैवालाविना एक कोरी कुपी चालवा.

हिशोब असा: ईपीएचं शिखर प्रमाणकाच्या १.६ पट असेल आणि जीसीचा दोन्हींना प्रतिसाद सारखा धरला, तर एस्टर ०.३२ मिलिग्रॅम. ०.९५६ ने (आम्ल आणि एस्टर यांच्या रेणुभारांच्या गुणोत्तराने) गुणून आम्ल ०.३०६ मिलिग्रॅम, म्हणजे कोरड्या वजनाच्या ३.१ टक्के. प्रतिसाद खरंच सारखा आहे का, ते शुद्ध ईपीए मिथाइल एस्टर चालवून आधी पडताळा.